मुलगी हरवू नये म्हणून

कोरेगावच्या मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून आप्पासो माने यांनी सबंध आयुष्यात एकच विक्री केली, आणि ती स्वतःच्या पोटच्या मुलीची. वाचणाऱ्यानं लगेच कानांवर हात ठेवायचं कारण नाही. ज्या घरात मूल जगत नाही त्या घरात नवं मूल आलं, की बाराव्या दिवशी ते सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं. शेजारणीनं ते उचलायचं, मूठभर जोंधळे आईच्या ओटीत टाकायचे, आणि मूल तिचं झालं. ते निजतं आपल्याच घरी, जेवतं आपल्याच ताटात. फक्त म्हणायचं दुसऱ्याचं. काळ शोधत आलाच, तर त्याला त्या घरात मूलच सापडत नाही आणि तो हात हलवत परत जातो. काळ इतका भोळा कसा, असं आप्पासोंनाही पूर्वी वाटे. पण त्यांची एकामागून एक तीन मुलं गेली होती, आणि तिघांच्याही मयतीची नोंद तालुक्याच्या दप्तरात त्यांनीच आपल्या वळणदार अक्षरात केली होती, कारण ते टेबल त्यांच्याकडंच होतं. तिसऱ्या नोंदीनंतर माणूस फार चिकित्सा करत नाही.

चौथ्या खेपेला मुलगी झाली, तिचं नाव कुणाला हेवा वाटू नये म्हणून दगडाबाई ठेवलं. घेणारीण मिळाली समोरच्या घरातली राहीबाई. राहीबाईचा नवरा मागल्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, इराकातल्या बसऱ्याला गेला तो तिकडंच राहिला. लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तेवीस वर्षं ती सरकारी पेन्शनवर एकटी राहत होती आणि गल्लीत तिच्याकडं बोट दाखवील असा माणूस नव्हता. जोंधळे टाकताना तिनं मूठ जरा जास्तच भरून घेतली होती, हे सुलाबाईच्या तेव्हाही लक्षात आलं होतं. सुलाबाई म्हणजे आप्पासोंच्या पत्नी. दगडीची खरी आई.

दगडी राहीबाईला 'आई' म्हणे, सुलाबाईला 'काकी' आणि आप्पासोंना सगळी गल्ली म्हणते तसं 'आप्पासाब'. पाच वर्षं पुरी झाली की पौषातल्या जत्रेत तिला वाघझरीच्या देवीच्या पायांवर घालायचं, मग मुलगी परत ज्यांची त्यांची. तोवर 'माझी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असा नवस होता. १९४५ सालच्या पौषात पाच वर्षं भरली. मुलीनं आपल्याला 'दादा' म्हणावं असं आप्पासोंनी मनाशी ठरवून ठेवलं होतं. कचेरीतल्या जुन्या कागदांच्या खोलीत कुणी नाही असं बघून त्यांनी तो शब्द स्वतःच दोनदा उच्चारून पाहिला. बरा वाटला.

आता प्रश्न राहिला जत्रेचा. पाच वर्षं जी मुलगी वेशीबाहेर नेली नाही, ती दहा हजार माणसांत न्यायची, आणि सुखरूप देवीपर्यंत पोचवायची. काळाला चुकवून ठेवलेली मुलगी गर्दीत हरवली, तर जगाला तोंड दाखवता येणार नाही, या विचारानं आप्पासोंची आठ दिवस झोप उडाली. त्यांनी चूक केली ती अशी, की हा विचार गल्लीत बोलून दाखवला.

शेजारचे पेन्शनर सुभेदार लालासाहेब संध्याकाळीच छडी घेऊन हजर झाले. "आप्पासाब, फौजेत चाळीस हजार मानूस एका टायमाला हलतंय, एक हरवत न्हाई. का? त्येला सवाल केला की जबाब तयार पायजे. पोरगी माझ्या ताब्यात द्या." दुसऱ्या दिवसापासून अंगणात कवायत सुरू झाली. दगडी टाचा जुळवून उभी राही.

"नाव?"

"दगडी!"

"कुनाची?"

इथं पहिल्या दिवशी कवायत अडली. सुभेदारांनी आप्पासोंकडं पाहिलं. आप्पासोंनी सुलाबाईकडं पाहिलं. सुलाबाईंनी नकाराची मान हलवली. देवीच्या पायांवर घालायला अजून सहा दिवस होते.

"राहीबाईची," आप्पासोच हळूच म्हणाले.

"राहीबाईची!" दगडी ओरडली.

"गाव?"

"कोरेगाव!"

सहा दिवसांत दगडी इतकी तयार झाली, की झोपेतसुद्धा कूस वळताना "राहीबाईची" म्हणे. पलीकडच्या अंथरुणावर आप्पासो जागे असत आणि ऐकत असत.

आटपाडीकडचा तात्याबा धनगर घोंगडी विकायला आला होता, त्यानंही उंबऱ्यावर बसून आपलं ज्ञान दिलं. "सायेब, जबाब काय करायचाय? मेंढराला कवा कुनी जबाब शिकीवतं व्हय? पायात घुंगरू घाला. आन् दाव्याबिगर जित्राब बाजारात न्ह्यायचं नसतंया." घुंगरांचे वाळे त्याच दिवशी सोनाराकडून आले. दाव्याचं मात्र आप्पासोंनी मनावर घेतलं नाही. आपण अव्वल कारकून आहोत, मेंढपाळ नाही, असं ते बाणेदारपणे म्हणाले. पण निघायच्या पहाटे त्यांच्या काळजानं ठाव सोडला, आणि बैलगाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी उपरण्याचं एक टोक स्वतःच्या कमरेला आणि दुसरं दगडीच्या कमरेला घट्ट बांधलं.

वाघझरीची जत्रा भरते ती ओढ्याच्या दोन्ही अंगांना. अलीकडं देऊळ, ती खालसा मुलखाची, म्हणजे इंग्रजांची हद्द. पलीकडं बाजार आणि पाळणे, ती संस्थानची हद्द. देवी एकच, पण पोलीस दोन, कायदे दोन. राहीबाई ओढ्याच्या काठाला गाडीपाशीच चूल मांडून निवदाच्या पोळ्या करत बसली. परत देण्याच्या वेळी घेणारणीनं देवळात यायचं नसतं. दगडीची वेणी तिनं पुन्हा एकदा सोडून घातली, वाळे सारखे केले आणि म्हणाली, "जा काकीसंगं. हात सोडू नगं." मग ती एकदम पोळ्यांकडं वळली.

उपरण्यानं बांधलेले बापलेक देवळाकडं निघाले आणि आप्पासोंच्या अब्रूचे धिंडवडे सुरू झाले. "कचेरीवालं, जनावरांचा बाजार पल्याड भरलाय!" असं एकजण ओरडला. दुसऱ्यानं "दावणीला खुट्टा कुठं हाय?" म्हणून विचारलं. एक म्हातारी हात जोडून पाया पडली. तिला वाटलं नवसाचा काही कडक प्रकार आहे. आप्पासो मान ताठ ठेवून चालत राहिले. कोट-रुमालातला माणूस कमरेला मुलगी बांधून मान ताठ ठेवतो, तेव्हा ती जास्तच ताठ होते.

सुलाबाई नारळ आणायला दुकानाशी गेल्या, आणि नेमके त्याच वेळी समोरून मामलेदारसाहेब आले. डोक्याला हॅट, हातात काठी, मागं पट्टेवाला. सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं गेलेल्या माणसाच्या अंगात काही गोष्टी आपोआप होतात. साहेबांसमोर कमरेला मुलगी बांधून उभं राहायचं कसं? आप्पासोंनी झटदिशी कमरेची गाठ सोडली. मग नमस्कार करायचा, तर दोन्ही हात लागतात. त्यांनी दगडीचा हात सोडला आणि दोन्ही हात जोडले.

"काय माने, जत्रेला? त्या वाठारच्या हद्दीच्या कागदांचं काय झालं?"

कागदांचं काय झालं ते आप्पासोंनी हात जोडूनच सांगितलं. साहेबांना समाधान वाटलं. ते पुढं गेले. आप्पासोंनी खाली पाहिलं तर उपरणं धुळीत पडलं होतं, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला गाठ होती, पण गाठीत मुलगी नव्हती.

त्यानंतरचा तास आप्पासोंना पुढं कधीच नीट आठवला नाही. घुंगरांचा आवाज येईल तिकडं ते धावले. पण पौषाच्या जत्रेत घुंगरं कुणाच्या अंगावर नसतात? त्यांना तीन बैल सापडले, एक गोंधळी सापडला, दुसऱ्यांच्या सात मुली सापडल्या. सुलाबाई एका बाजूनं पोरीला हाका मारत होत्या. 'दगडी' म्हटल्यावर चार-चार दगड्या वळून बघत. मुलं न जगणारी घरं काही एकट्या मान्यांचीच नव्हती.

देवळापाशी खालशाचा एकच शिपाई होता, तोही बसलेला. "समदं ठाणं भूमिगतांच्या मागं डोंगरात ग्येलंय, सायेब. पोरी हुडकायला म्या एकला." त्यानं मान खाजवली. "वढ्याच्या पल्याड संस्थानच्या राहुटीत एक पोरगी बशिवलीया म्हनत्यात. पर तकडं आमचा हुकूम चालत न्हाई. तुमी आदी हितं हरवल्याचं लिवून द्या." आप्पासोंनी उभ्याउभ्याच लिहून दिलं. बत्तीस वर्षांत त्यांच्या अर्जात पहिल्यांदाच खाडाखोड झाली.

दगडी खरंच राहुटीत होती. बाकावर बसून पाय हलवत ती चुरमुऱ्यांचं भत्तं खात होती, आणि भोवती जमलेल्या लोकांना कवायत करून दाखवत होती. तिला बघून आप्पासो गर्दी रेटत पुढं घुसले. "ही माझी..." ते ओरडले, आणि तिथंच थांबले. शंभर पावलांवर देऊळ दिसत होतं. पाच वर्षं पाळलेला नवस शंभर पावलांसाठी मोडायचा? "ही माझी... ओळखीची आहे," त्यांनी वाक्य पुरं केलं.

संस्थानच्या जमादारानं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोरी, ह्ये कोन?"

"आप्पासाब."

"तुझं कोन लागत्यात?"

"शेजारी," दगडी म्हणाली आणि भत्तं खाऊ लागली.

तेवढ्यात सुलाबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्यांनी पोरीला छातीशी आवळून धरलं. जमादार जरा मऊ झाला. "तुमी आई व्हय हिची?"

सुलाबाईंनी चटका बसल्यासारखे हात सोडले. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, देवळाच्या कळसाकडं पाहिलं, आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "न्हाई."

"बाप न्हाई, आई न्हाई," जमादार म्हणाला, "आन् रडताय मातूर घरचं मेल्यागत. गेल्या दोन जत्रंत हितनं पोरं पळिवल्यात, सायेब. पोरगी ज्येची त्येच्याच हातात दीन. कोरेगावच्या कचेरीचा दाखला आना."

"तो दाखला मीच देतो."

"मग तर लईच संशयाचं काम हाय," जमादार म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. त्या जत्रेत पोरीची खरी काळजी घेणारा तेवढा एकच माणूस होता, असं आप्पासो पुढं कबूल करत.

शेवटी राहीबाईला बोलावणं गेलं. पिठाचे हात लुगड्याला पुसत ती आली. दगडी "आई" म्हणून उडी मारून तिला बिलगली. झालं, आप्पासोंना वाटलं, सुटलो. पण संस्थानही सरकारच होतं, आणि सरकार म्हटलं की वही आली. जमादारानं टाक शाईत बुडवला.

"आईचं नाव?"

"राहीबाई."

"नवरा कुठं असतुया?"

"बसऱ्याला ग्येला. लढाईत."

"ह्या लढाईत?"

"न्हाई," राहीबाई म्हणाली. "मागल्या."

जमादारानं दगडीकडं बघितलं आणि मनातल्या मनात वर्षं मोजली. भोवतीच्या लोकांनी ती त्याच्याआधीच मोजली होती. कुणीतरी मागून फिदीफिदी हसलं. "मागल्या लढाईचं पोर आन् अजून पाचच वर्साचं? लय चिवाट दिसतंय!" राहुटीभर हशा झाला.

राहीबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. अठ्ठावीस वर्षं जिनं गल्लीत मान वर करून पाहिलं नाही, ती अनोळखी माणसांच्या घोळक्यात पीठ लागल्या हातांनी उभी होती. 'माझी न्हाई' एवढं म्हटलं असतं तर तिची सुटका होती. पण मग पोरगी राहुटीतच राहिली असती, नाहीतर देवीच्या दारात येऊन नवस मोडला असता. तिनं सुलाबाईकडं पाहिलं.

"माझीच हाय," राहीबाई स्पष्ट आवाजात म्हणाली. "लिवा."

"बापाचं नाव?"

त्या गर्दीच्या मागं आप्पासोंना एक हॅट दिसली. मामलेदारसाहेब पलीकडचा बाजार बघायला आले होते आणि गलका ऐकून थांबले होते. आप्पासोंच्या मनात काय काय आलं, ते लिहायला वेळ लागेल. त्यांना तेवढा लागला नाही. आज सकाळी याच हॅटपुढं अब्रू सांभाळायला आपण पोरीचा हात सोडला, आणि तीच अब्रू आता या बाईच्या अंगावरून ओरबाडली जातेय, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"बापाचं नाव लिहा," ते पुढं होऊन म्हणाले. "आप्पासो माने. अव्वल कारकून, मामलेदार कचेरी, कोरेगाव." हुद्दा सांगायची गरज नव्हती. सवय.

हशा एकदम थांबला. जमादारानं एकदा आप्पासोंकडं, एकदा राहीबाईकडं आणि एकदा सुलाबाईकडं बघितलं, आणि काय समजायचं ते तो समजला. तो समजला ते खोटं होतं. त्यानं लिहिलं त्यातलं निम्मं खरं होतं. काळाची अशी निम्मी फसवणूक चालते का, हे आप्पासोंना कुठल्याच शास्त्रात वाचल्याचं आठवेना, तरी त्यांनी सही केली. शेजारी राहीबाईनं अंगठा उठवला. शाई पुसायला सुलाबाईंनी तिच्यापुढं स्वतःचा पदर धरला. हॅट आली तशी निघून गेली. पुढं वर्षभर कचेरीत या प्रकरणाची जी कुजबुज झाली, तिचा खुलासा आप्पासोंनी कधी केला नाही, आणि त्यांना कुणी अव्वल कारकुनाच्या वरही चढवलं नाही.

"जा पोरी," जमादार वही मिटत म्हणाला, "बापाकडं जा."

आप्पासोंनी दोन्ही हात पुढं केले. दगडीनं राहुटीत सगळीकडं नजर फिरवली. प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून झालं. मग तिनं जमादारालाच विचारलं, "कुठं हाय?"

राहीबाईनंच तिला उचलून कडेवर घेतलं आणि सगळे मुकाट्यानं ओढ्यात उतरले.

ओढ्याच्या अलीकडच्या काठावर, गाडीपाशी राहीबाई थांबली. चुलीवरची पोळी करपून गेली होती. "चला, उरका," ती म्हणाली. "लय येळ झाला. देवीच्या पायावं घाला." आणि तिनं दगडीला सुलाबाईच्या हातात दिलं. दगडीनं तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून ठेवला होता. राहीबाईनं तिची मूठ उकलली. एकेक बोट सोडवायला लागलं. दगडीनं भोकाड पसरलं, तेव्हा राहीबाई पाठ करून चुलीपाशी बसली आणि विझलेल्या जाळावर फुंकर घालू लागली.

देवळात जाईतोवर दगडीचं रडणं थांबलं नाही. आप्पासो मागून नारळ घेऊन चालत होते. या वेळी त्यांनी उपरणं बांधलं नव्हतं, तर दोन बोटांनी पोरीच्या झग्याचं टोक धरलं होतं. तिच्या ते लक्षातही नव्हतं. गाभाऱ्यात सुलाबाईंनी तिला देवीच्या पायांवर घातलं, पाच वर्षांचा नवस फिटला, आणि जवळ घेऊन तिच्या कानात त्या म्हणाल्या, "माझी गं, माझी." दगडी अंग ताठ करून दाराकडं हात करत होती.

पुजाऱ्यानं अंगारा लावला. "पोर का रडतंय एवढं, बाई?"

सुलाबाईंनी तिचे डोळे पुसले.

"आईकडं जायाचं म्हनती," त्या म्हणाल्या.